वड्याशेजारी काय ठेवाल? क्लबच्या कॅन्टीनची जबाबदारी नव्याने आलेल्यांसाठी

पेठेतल्या मंडळाचा फुटबॉल संघ तुमच्याकडे आला असेल, एखाद्या जलतरण तलावाच्या, बॅडमिंटन हॉलच्या किंवा क्रिकेट अकॅडमीच्या समितीवर तुमची वर्णी लागली असेल, किंवा नुसतं "तुम्हाला वेळ आहे, तेवढं कॅन्टीनचं बघा" म्हणून कुणी काम गळ्यात घातलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मैदानावर मिळणारं खाणं-पिणं थोडं बरं कसं करायचं, ते यात एकेका पायरीने सांगितलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. वडा बंद करायचा नाही. कोल्हापुरात वडा बंद करणारा पदाधिकारी पुढच्या वर्षी समितीत दिसत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याने सुरू केलेलं सगळंच गुंडाळलं जातं. आपल्याला करायचं आहे ते एवढंच, की खेळून दमलेल्या पोराच्या हाताला सगळ्यात आधी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात थंड जे लागेल ते चांगलं असावं. वडा असू दे मागे, कढईजवळ. ज्याला खायचाच आहे तो मागून घेईल.

पहिली पायरी: दोन रविवार नुसतं बघा

कामाला लागण्याआधी दोन रविवार कॅन्टीनजवळ किंवा गेटबाहेरच्या गाडीजवळ उभे राहा. कुणाला काही सांगू नका, सुचवू नका. नुसतं बघा आणि वहीत टिपा: कोण घेतंय, किती वाजता घेतंय, काय घेतंय.

गर्दी तीनदा होते. सरावाआधी थोडी, मध्यंतराला थोडी, आणि शेवटची शिट्टी झाली की एकदम. या शेवटच्या गर्दीत पोरगं काय करतं ते नीट पाहा. मोज्यात खोचलेली वीसची नोट काढतं, ती घामाने ओली झालेली असते, आणि थेट फ्रिजच्या काचेला हात लावतं. दरपत्रक वाचत नाही, कुणाला विचारत नाही. डोळ्यांसमोरच्या कप्प्यात जी बाटली आहे ती उचलतं. त्या कप्प्यात कोल्ड्रिंक असेल तर कोल्ड्रिंक, ताक असेल तर ताक. तुमचं निम्मं काम त्या एका कप्प्यावर आहे.

आणखी एक गट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: वाट बघत बसलेले आई-बाबा आणि आजोबा. दीड तास बसायचं म्हणजे दोन चहा, एक भजीची प्लेट होतेच. धाकटी भावंडंही याच बाकावर बसून वेफर्सचे पुडे फोडत असतात. म्हणजे खेळणाऱ्यांपेक्षा न खेळणारेच जास्त खातात, हे बहुतेक मैदानांवर दिसेल.

आणखी एक चौकशी करून ठेवा. फ्रिज कुणाचा आहे? कोल्ड्रिंक कंपनीने दिलेला असेल तर त्यात दुसरं काही ठेवायचं नाही, अशी अट कागदावर असू शकते. तो कागद खजिनदारांकडून मागून घ्या आणि वाचा. अट असेल तर नव्या वस्तूंसाठी एक जुना फ्रिज किंवा बर्फाचा मोठा डबा वेगळा लागेल.

दुसरी पायरी: तीन रंगांत वाटणी

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात क्लब, क्रीडा केंद्रं आणि दवाखान्यांच्या कॅन्टीनसाठी सिग्नलच्या रंगांची पद्धत वापरतात. हिरवं म्हणजे रोज, पिवळं म्हणजे बेताने, लाल म्हणजे क्वचित. पद्धत सोपी आहे, आपल्याकडे सहज चालते, फक्त यादी आपली आपण करायची.

हिरव्यात पाणी सगळ्यात वर. मग ताक, बिनसाखरेचं दूध, केळी आणि त्या-त्या मोसमातली फळं, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी किंवा मूग, फुटाणे, भाजलेले किंवा उकडलेले शेंगदाणे, भाजलेलं कणीस, उकडलेली रताळी, इडली. पिवळ्यात पोहे, उप्पीट, थालीपीठ, भडंग, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, कमी साखरेचं लिंबू किंवा कोकम सरबत. लालमध्ये वडा, भजी, समोसा, पॅटिस, क्रीमरोल, वेफर्स, कोल्ड्रिंक.

यादी करताना तीन ठिकाणी वाद होणार, तयारीत राहा.

पहिला गुळावरून. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा अभिमान असायलाच हवा. पण शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच आहे. त्यात थोडी खनिजं असतात म्हणून चहाच्या जागी गुळाचा चहा आणला की कॅन्टीन आरोग्यदायी झालं, असं होत नाही. दुसरा वाद उसाच्या रसावरून. ताजा, घरचा, नैसर्गिक वगैरे सगळं खरं, पण रसात शंभर मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि साध्या कोलामध्ये साधारण साडेदहा. म्हणून रस पिवळ्याच्या वर, म्हणजे हिरव्यात, नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि रसातली साखर हे सगळं एकत्र धरते, ते रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, आणि ५ टक्क्यांच्या आत म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत आणलं तर अधिक चांगलं म्हणते. रसाच्या एका मोठ्या ग्लासातच तो कोटा संपतो.

तिसरा वाद मिसळीचा. मटकी हिरवी, कट पिवळा, फरसाण लाल, असं सांगून तो तिथंच मिटवा. मैदानावर पातळ कट घेऊन उभ्याने मिसळ खाणं कुणालाच जमत नाही, त्यामुळे प्रश्न निघतोच कशाला.

एनर्जी ड्रिंक मात्र कुठल्याच रंगात नको. या पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असायला परवानगी आहे आणि लहान मुलांनी, गरोदर व स्तनदा मातांनी घेऊ नये अशी सूचना डब्यावरच छापलेली असते. ज्या मैदानावर बारा-चौदा वर्षांची मुलं येतात तिथं ते विकायचंच नाही. बंदी घालायची असेल तर या एकाच गोष्टीवर घाला. समितीत कुणी फारसा विरोध करत नाही.

तिसरी पायरी: पाणी

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढी एक पायरी करा.

बऱ्याच मैदानांवर पाणी असतं, पण ते प्यावंसं वाटत नाही. निळा पिंप, त्याच्या झाकणावर धूळ, आणि साखळीने बांधलेला एक स्टीलचा ग्लास, जो सगळ्यांच्या तोंडाला लागतो. शेजारी बर्फात बुडवलेल्या रंगीत बाटल्या. पोरगं कुठं जाईल ते सांगायला नको.

पिंपाच्या जागी नळ असलेली टाकी किंवा नळ बसवलेले दोन-तीन माठ ठेवा. जागा सावलीतली हवी आणि मैदानातून बाहेर पडण्याच्या वाटेवरच हवी, म्हणजे कॅन्टीन येण्याआधी पाणी लागेल. सामायिक ग्लास काढून टाका. प्रत्येकाने आपली बाटली आणायची, नाव घालून, असा नियम प्रशिक्षकांकडून करवून घ्या. समितीने सांगितलेलं पोरं विसरतात, सरांनी सांगितलेलं विसरत नाहीत. टाकी कोण कधी घासणार त्याचा तक्ता टाकीवरच चिकटवा. आठवड्यातून एकदा घासायची, सही करायची. पाणी बाहेरून जारमध्ये येत असेल तर ते कुठून भरलं जातं ते एकदा जाऊन बघून या.

किती पाणी लागेल? उन्हाळ्यातल्या सरावाला माणशी एक लिटर धरा. तीस पोरं असतील तर वीस लिटरचे दोन जार. सरावाच्या अर्धा तास आधी ग्लासभर, मग पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट, संपल्यावर पुन्हा. तहान लागल्यावर प्यायचं असं ठेवलं तर खेळाच्या नादात पोरं तहान विसरतात.

तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये भर दुपारचे सामने असतात, कोल्हापुरातही पारा पस्तिशीच्या पुढं जातो, आणि खेळ तासाच्या वर चालतो. तेव्हा मीठ-साखरेचं लिंबूपाणी करा: एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, दोन लिंबं. घरगुती जलसंजीवनीचं प्रमाणही हेच आहे, लिंबू आपलं चवीला. मीठ अंदाजाने टाकू नका, चमचा सपाट करूनच मोजा. पोरं म्हणतील गोड कमी आहे. असू दे.

दुकानातून ओआरएस आणणार असाल तर पाकिटावरचं प्रमाण बघून घ्या. ओआरएस असं नाव लावून फळांच्या चवीची साखरेची पेयं वर्षानुवर्षं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. औषध दुकानातली, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची पावडर तेवढी प्रथमोपचार पेटीत ठेवा.

जाता जाता: पोराला घेरी आली, उलटी झाली, अंग तापलं किंवा ते असंबद्ध बोलायला लागलं तर ते सरबताने भागवायचं काम नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या टॉवेलने अंग गार करा आणि १०८ ला फोन करा.

चौथी पायरी: खुराकाचा गोंधळ आधी सोडवा

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या क्लबांना पडत नसेल, आपल्याला पडतो. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग हे कुस्तीचं मैदान १९१२ मध्ये खुलं झालं, त्याच्याही आधीपासून या गावात तालमी आहेत. त्यामुळे आरोग्यदायी खाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पैलवानाचा खुराक: म्हशीचं दूध, तूप, बदाम, खसखस घालून घोटलेली थंडाई, अंडी, मटण. समितीत तुम्ही "चांगलं खाणं ठेवूया" म्हणालात की कुणीतरी ज्येष्ठ म्हणणार, "मग थंडाईच ठेवा की. नाहीतर दुधाचा कट्टा करा."

त्यांचा मान राखून उत्तर द्यायला शिका, कारण त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. खुराकातलं दूध, अंडी, बदाम, शेंगदाणे, सगळं उत्तमच आहे. प्रश्न मापाचा आहे. पैलवान पहाटे उठून शेकड्याने जोर-बैठका काढतो, मग लाल मातीत लढती करतो, संध्याकाळी पुन्हा तेच. त्याला तेवढं जिरतं. तीस-पस्तीस किलोचं पोर तासभर फुटबॉल खेळून अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च करतं. म्हशीच्या अर्धा लिटर दुधात पाचशेच्या आसपास कॅलरी असतात, त्यात साखर आणि बदाम आणखी घाला. आठवड्यातून तीन दिवस तासभर खेळून रोज पैलवानाचा खुराक घेतला तर वजन वाढेल, दम नाही.

खेळायच्या आधी थंडाई पिणं तर त्रासाचंच. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढं सरकतात, आणि भरल्या पोटाने पळणारं पोर पंधराव्या मिनिटाला कुशीला हात लावून उभं राहतं. पोटभर जेवण खेळाच्या दोन-तीन तास आधी. तासभर आधी हलकं, म्हणजे एक केळं, एखादी इडली किंवा मूठभर चुरमुरे. संपल्यावर तासा-दीड तासाच्या आत थोडं पिठूळ आणि थोडं प्रथिनांचं असं दोन्ही: केळं आणि दूध, पोळी आणि अंडं, मटकी आणि चुरमुरे. हे एवढं एका पुठ्ठ्यावर लिहून मैदानाच्या भिंतीला लावलं तर पालकांचे निम्मे प्रश्न संपतात.

आता दुधाचं. कट्ट्यावर डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध ही आपल्या गावची शान आहे. तरीही मुलांना देताना उकळूनच द्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय आणि पोटाचे विकार होऊ शकतात. म्हैस समोर उभी आहे म्हणून दूध निर्जंतुक होत नाही. गोकुळ किंवा वारणाच्या पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध आणलं की ही काळजी मिटते. मात्र ते थंडच राहिलं पाहिजे.

आणि प्रोटीन पावडर. जिमवाली पोरं मागतील, कुणी विक्रेता कमिशनही देऊ करेल. कॅन्टीनवर ठेवू नका. डब्यात नेमकं काय आहे याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही, आणि स्पर्धा खेळणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत अशा डब्यातून उत्तेजक निघालं तर त्याचं करिअर जातं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर शेंगदाण्यांत सात. वाढत्या पोराला इथंच भरपूर मिळतं.

पाचवी पायरी: चारच पदार्थांनी सुरुवात

नवा उत्साह असतो, म्हणून लोक एकदम पंधरा पदार्थांची यादी करतात. दुसऱ्या आठवड्यात निम्मे खराब होतात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद. चारच घ्या: केळी, ताक, फुटाणे-शेंगदाणे आणि मटकीची भेळ.

केळ्यांना काही करावं लागत नाही. कपिलतीर्थ मंडईतून फणी आणायची, थोडी पिकलेली, थोडी कच्चट, म्हणजे दोन-तीन दिवस पुरतात. फक्त टोपलीत काउंटरच्या पुढं ठेवा, मागे टांगू नका. फुटाणे आणि शेंगदाणे लक्ष्मीपुरीतून किलोवर आणून छोट्या कागदी पुड्या बांधा, मीठ न लावलेले. एखाद्या पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते प्रवेश अर्जातच विचारून ठेवा.

ताक. पन्नास ग्लासांसाठी दहा लिटर ताक लागतं. तीन लिटर दही, सात लिटर गार पाणी. मीठ पाच सपाट चहाचे चमचे, त्याहून जास्त नको. भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, कोथिंबीर. हिरवी मिरची वाटून घालायचा मोह होईल, लहान पोरांसाठी वेगळं पातेलं ठेवा. घुसळताना पाणी एकदम ओतू नका. आधी दही नुसतं फेटून घ्या, मग थोडंथोडं पाणी, नाहीतर गुठळ्या राहतात आणि पोरं ग्लास अर्धा टाकून देतात. दही आंबट झालं असेल तर साखर घालून चव सावरू नका, ते कढीला वापरा आणि दुसरं दही आणा.

मटकीच्या भेळेला वेळेचं गणित आहे. सामना रविवारी संध्याकाळी चारचा असेल तर एक किलो मटकी शनिवारी सकाळी भिजत घाला. संध्याकाळी उपसून, धुऊन, पातळ सुती कापडात बांधून टांगून ठेवा. उन्हाळ्यात रविवारी सकाळपर्यंत चांगले मोड येतात, थंडीत वेळ जास्त लागतो, तेव्हा भिजवण शुक्रवारी रात्री करा. एक किलोची दोन किलोच्या वर होते, पन्नास छोट्या वाट्यांना पुरते. मोड आलेलं कडधान्य कच्चं देऊ नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. दुपारी पाच-सात मिनिटं वाफवून घ्या, दाणा शिजून मऊ होऊ देऊ नका. मग कांदा, टोमॅटो, काकडी, कैरी असेल तर कैरी, लिंबू, चिमूटभर मीठ, आणि वरून मूठभर चुरमुरे. कालवणं गिऱ्हाईक आल्यावर, वाटीत. आधी कालवून ठेवलेली भेळ दहा मिनिटांत पाणी सोडते आणि मग तिला कुणी हात लावत नाही. तिखटाला कांदा-लसूण चटणी अर्धा चमचा घालाच. आरोग्यदायी म्हणजे बेचव, असा समज एकदा रुजला की तो पुसायला वर्ष लागतं.

अंडी पुढच्या महिन्यात आणा. वेगळं भांडं, वेगळा चिमटा, वेगळा कोपरा, म्हणजे न खाणाऱ्या घरातल्यांना अडचण होत नाही. श्रावणात आणि संकष्टी-एकादशीला राजगिऱ्याचा लाडू, केळी, शेंगदाणे पुढं करा. रमजानमध्ये संध्याकाळचा सराव असेल तर इफ्तारच्या वेळेला पाणी, खजूर आणि केळी हाताशी असू द्या. आपल्या मैदानावर सगळ्या घरांतली पोरं येतात.

पहाटेच्या बॅचचा विचार वेगळा करावा लागतो. साडेपाच-सहाला पोरं रिकाम्या पोटी येतात आणि तिथूनच शाळेत जातात. त्या वेळी कॅन्टीन बंद असतं, उघडा असतो तो फक्त चहाचा गाडा, सोबत बटर-खारी. इथं आठवड्याची पाळी लावून दोन पालकांनी केळी आणि उकडलेली रताळी किंवा इडल्या आणल्या तरी काम होतं.

सहावी पायरी: मामांशी बोलणं

कॅन्टीन ठेक्याने दिलेलं असेल किंवा गेटवर वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी असेल, तुमचा खरा भागीदार तो माणूस आहे. त्याच्याशी पहिलं बोलणं समितीच्या बैठकीत करू नका. सकाळी गर्दी नसताना जा, चहा घ्या, "मामा, धंदा कसा चाललाय?" इथून सुरुवात करा.

ते म्हणणार, "साहेब, पोरं हे खाणार न्हाईत. माझं पैसं अडकायचं." भीती रास्त आहे. वडा उरला तर संध्याकाळी रस्त्यावर खपतो, ताक उरलं तर ओतावं लागतं. म्हणून पहिल्या महिन्यापुरती हमी द्या: उरलेलं ताक आणि केळी क्लब विकत घेईल, मोठ्या पोरांना देईल. हा खर्च फार होत नाही, आणि मामांचा हात मोकळा होतो. बदल्यात दोनच गोष्टी मागा: पुढची जागा आणि फ्रिजचा डोळ्यासमोरचा कप्पा.

दर ठरवताना एक नियम पाळा. हिरव्या यादीतली वस्तू लाल यादीतल्या वस्तूपेक्षा स्वस्त दिसली पाहिजे. समजा केळी डझनाला साठ रुपये पडली, म्हणजे एक पाचला. आठला विकलं तरी तीन रुपये सुटतात, आणि वीस रुपयांत पोराचं एक केळं, एक फुटाण्याची पुडी असं काहीतरी भागतं. वीसच्या नोटेत बसेल असा एक जोड करून त्याला नाव द्या आणि दरपत्रकावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा. नफ्यातली तूट भरून काढायची असेल तर ती कोल्ड्रिंकचा मोठा आकार काढून आणि छोटा तेवढा ठेवून काढा. ताकावर काढू नका.

वड्यातही सुधारणा होते. लहान आकार करा, प्लेटमध्ये दोनऐवजी एक. तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल तापून बिघडत गेलं की वाढणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही असा नियम आहे. ते मोजायचं यंत्र मामांकडे नसतं, पण तेल काळपट झालं, फेस धरायला लागलं, लवकर धूर सोडायला लागलं की बदलायची वेळ झाली, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. प्रश्न कळण्याचा नसतो, तेलाच्या डब्याच्या किमतीचा असतो. त्यावर मोकळेपणाने बोला.

सातवी पायरी: स्वच्छता आणि कागद

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाकडे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो, छोट्या गाडीला नोंदणी पुरते. चौदा अंकी नंबर असतो, तो दिसेल असा लावायचा. तुमचं मैदान शाळेचं असेल तर आणखी एक गोष्ट: शाळेच्या आवारात आणि आवारापासून पन्नास मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना याचा उपयोग होतो.

वडा-भजी वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नात उतरते. महाराष्ट्रात न खाण्याचा बर्फ निळा रंगवायचा नियम २०१८ पासून आहे, बर्फ घेताना तेवढं बघा. शिजवलेलं किंवा कापलेलं काहीही दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, कडक उन्हात एक तासच. म्हणून कलिंगडाच्या फोडी आधी कापून ठेवायच्या नाहीत.

आठवी पायरी: स्पर्धेचा दिवस

शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठच्या पेठ लोटते. तिथलं खाणं तुमच्या हातात नसतं. तुमच्या हातात असतो तो तुमचा संघ. डगआउटमध्ये पाण्याचा खोका, मध्यंतराला मोसंबीच्या फोडी किंवा केळ्याचे तुकडे आणि मीठ-साखरेचं लिंबूपाणी, सामना संपल्यावर प्रत्येकाला पुडा: केळं, उकडलेली दोन अंडी किंवा चिक्की, ताक. जिंकल्यावर पोरं रश्श्यावर बसणारच, तांबडा-पांढरा झालाच पाहिजे. त्यात तुम्ही पडू नका.

तुमच्या स्वतःच्या मैदानावर स्पर्धा भरवत असाल तर प्रायोजकांशी बोलताना जरा धीर धरा. कोल्ड्रिंक किंवा वेफर्सचा फलक लावून कुणी पैसे देत असेल तर ते नाकारणं छोट्या क्लबला परवडत नाही, हे खरं. पण आधी पेठेतली दूध डेअरी, किराणा दुकान, सायकलचं दुकान, डॉक्टर यांना विचारून बघा. पाण्याच्या टाकीवर नाव लिहून देणारा दाता कोल्हापुरात लवकर मिळतो, आपल्याकडे पाणपोईची सवय जुनी आहे. बक्षीस म्हणून चॉकलेटचे डबे देण्यापेक्षा मोजे, शिनगार्ड, पाण्याची बाटली द्या.

प्रशिक्षकांना एक विनंती करा: खेळाडूंसमोर कोल्ड्रिंक पिऊ नका, आणि हरल्याची शिक्षा किंवा जिंकल्याचं बक्षीस खाण्यात देऊ नका.

नववी पायरी: हिशेब

महिनाभर रोज किती ताक, किती केळी, किती वडे, किती बाटल्या गेल्या ते लिहा. मामांनी लिहिलं नाही तर एखाद्या मोठ्या पोराला लावा, त्यालाही हिशेब येईल. महिन्याने बैठकीत मत मांडू नका, वही मांडा. काय खपलं, काय उरलं, गल्ला किती फिरला. जे दोन महिन्यांत चाललं नाही ते काढा आणि दुसरं आणा. नाचणीची आंबील एका मैदानावर धो धो खपेल, दुसऱ्यावर कुणी बघणार नाही.

पावसाळ्यात यादी बदलावीच लागते. जूननंतर थंड ताकाला गिऱ्हाईक नसतं आणि भज्यांना असतं, तेव्हा भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, गरम दूध-हळद, मटकीचं गरम कढण पुढं आणा. मोड आलेल्या कडधान्याला दमट हवेत लवकर वास लागतो, म्हणून भेळेचं प्रमाण निम्मं करा. पाण्याची टाकी आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा घासा.

ठेक्याचं नूतनीकरण जवळ आलं की पुढच्या करारात चार ओळी घालून घ्या: पिण्याचं पाणी नेहमी फुकट, ताक आणि फळ रोज उपलब्ध, एनर्जी ड्रिंक विकायचं नाही, फ्रिजचा मधला कप्पा क्लबच्या यादीचा. मामांना त्या ओळी आधी वाचून दाखवा, त्यांना न जमणारी ओळ असेल तर बदला, आणि मगच सही घ्या.